घरची ट्रॉली : निवड आणि साज



आपल्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत काल संतवाङ्मय होते, उद्या विश्वाची उत्पत्ती आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आज आमची ट्रॉली येऊन उभी राहिली आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असे काहीसे आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. ट्रॉली हा शब्द ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रूपक आहे का जी?" आम्ही म्हटले, रूपक नव्हे, दोन चाकांची, लोखंडी, छोट्या ट्रॅक्टरमागे जोडतात तीच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यांच्यापुढे असा विषय कोणी ठेवला असता तर त्यांनी तो परत पाठविला असता असे आम्हांस वाटत नाही. शेती आणि धंदे हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय होते. राहता राहिला वसंत. पुण्याचा वसंत पुण्याला लखलाभ असो. आपल्या चंद्रपुरात या दिवसांत पारा पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळतो, आणि तरीही आपण दिवसाचा ताव सोसून संध्याकाळी इतक्या संख्येने येऊन बसता. तेव्हा आपला वेळ कामाच्या गोष्टीसाठीच घ्यावा हे बरे.

विषय निवडण्याचे कारण असे. गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत एक नव्या तऱ्हेचा सभासद येऊ लागला आहे. तो खाणीतून, वीज केंद्रातून किंवा कागद कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात पडलेली असते. मूल, सिंदेवाही, नागभीड, नाहीतर पलीकडे आरमोरी, चामोर्शीकडे वडिलोपार्जित दोन-तीन एकर धानाच्या बांध्या असतात, किंवा नवीन घेतलेला एखादा तुकडा असतो. एक लहान ट्रॅक्टर त्याने घेतलेला असतो आणि तो विचारतो, "भाऊ, आता ट्रॉली कोणती घेऊ?" पहिल्या वेळी आम्हांला हसू आले. आम्ही तक्रारी ऐकणारी माणसे, ट्रॉल्या विकणारी नव्हे. पुढे ध्यानात आले की या माणसाला हा प्रश्न विचारायला दुसरी जागाच नाही. विकणारा त्याला हप्ता किती पडेल तेवढे सांगतो, मेव्हणा म्हणतो मोठी घे, आणि मुलगा रंग कोणता ते पाहतो.

पूर्वी हा प्रश्न गावच्या सुताराला विचारीत असत. आपल्या भागात ओझ्याची ती बंडी, तिच्याहून हलकी ती खासर, आणि माणसांनी बसून जायची ती रेंगी किंवा दमणी. ही निरनिराळी नावे हौसेखातर पडलेली नाहीत. माल वाहण्याची गाडी वेगळी आणि माणसे वाहण्याची गाडी वेगळी, हे ज्ञान त्या नावांत साठविलेले आहे. हे आम्ही आता नुसते नोंदवून ठेवतो. पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे. गिऱ्हाईक आले म्हणजे सुतार आधी विचारी, बैल कोणते आहेत? मग विचारी, न्यायचे काय? आणि मग, वाट कशी आहे? एवढे कळल्यावर तो लाकडाला हात लावी. चाकाच्या तुंब्याला बाभूळ, धुरेला तिवस, आसाला धावडा. इंग्रजीत तर धावड्याचे नावच मुळी 'आसाचे लाकूड' असे पडून गेले आहे. सुताराचे ते तीन प्रश्न आज कोणत्याही दुकानात विचारले जात नाहीत. म्हणून ते आपले आपणच विचारले पाहिजेत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे लाकडाच्या डेपोत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. अठराव्या वर्षी आम्ही बल्लारपूरच्या बाजूला सागाचे ओंडके चढविण्याच्या कामावर लागलो. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघा-तिघा पोरांनी मिळून एका बंडीवर ओंडके रचले आणि सगळे बुडखे मागच्या बाजूला टाकले. बुडखा जाड, शेंडा बारीक. म्हणजे सगळे ओझे आसाच्या मागे गेले. बंडी उलाळ झाली, धुरा वर उचलली गेली आणि गळ्याच्या पट्ट्यांनी दोन्ही बैलांना जवळजवळ फासच बसला. एका म्हाताऱ्या हमालाने धावत येऊन धुरेवर लोंबकळून ती खाली आणली आणि मग आमच्या कानाखाली आवाज काढला. तरफेचा नियम आम्ही त्या दिवशी शिकलो. वाचनालयातल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तो सापडला त्याला पुढे चार वर्षे लागली.

तोच नियम ट्रॉलीला जसाच्या तसा लागू पडतो. बैलांच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला एवढेच. ओझ्याचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा. किती पुढे? आसापासून हुकापर्यंत साडेसहा फूट, म्हणजे सुमारे दोनशे सेंटिमीटर अंतर आहे असे धरा, आणि ट्रॉलीत हजार किलो माल आहे असे धरा. मालाचा मध्य आसाच्या पुढे एक वीत, म्हणजे तेवीस सेंटिमीटर ठेवला तर हुकावर शंभर किलोच्या थोडे वर भार येतो. मालाच्या दहाव्या हिश्शाहून थोडासा अधिक. एवढा भार चांगला. मध्य आसाच्या मागे गेला की दांडा वर उचलू पाहतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि चिखलात जागच्या जागी फिरतात. उलट सगळाच माल पुढे लोटला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखे होते. म्हणून ट्रॉली पाहायला जाल तेव्हा गजाची टेप बरोबर न्या. आस पेटीच्या बरोबर मध्यावर आहे की थोडा मागे, ते मोजा. तो थोडा मागे असावा. म्हणजे माल सपाट भरला तरी ओझे आपोआप पुढच्या बाजूला राहते. विकणारा हसेल. त्याला हसू द्या.

आता पेटी केवढी घ्यावी? लहान ट्रॅक्टर म्हणजे पंधरा ते वीस अश्वशक्तीचा. त्याचे स्वतःचे वजन आठ-नऊशे किलो असते. त्याच्यामागे सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी शोभते. तिचे आकारमान छत्तीस घनफूट होते. आता त्रैराशिक मांडू. या पेटीत काठोकाठ धान भरले तर ते सहाशे किलोच्या आसपास भरते. चाळीस किलोच्या कट्ट्यांत बोलायचे तर चौदा-पंधरा कट्टे. त्याच पेटीच्या मापाची पाण्याची टाकी केली तर हजार किलो. आणि त्याच पेटीत ओली रेती काठापर्यंत भरली तर अठराशे किलोच्या वर! पेटी तीच, काठही तोच, डोळ्याला भरलेपणाही तेवढाच दिसतो; वजन मात्र तिप्पट झाले. धानाच्या हिशेबाने घेतलेली ट्रॉली घरबांधणीच्या वर्षी रेतीच्या हिशेबाने भरली जाते, आणि आस वाकतो तो तेव्हा. यावर आमच्या एका सभासदाने सोपा उपाय केला आहे. पेटीच्या आतल्या बाजूने त्याने रंगाच्या दोन रेघा मारल्या आहेत. खालची पांढरी रेघ रेती-मुरुमाची, मधली पिवळी रेघ ओल्या शेणखताची. धान आणि सरपण काठापर्यंत. त्याच्या सालगड्याला लिहिता-वाचता येत नाही, पण पांढऱ्या रेघेच्या वर तो एक घमेले टाकू देत नाही.

येथे दुसऱ्या एका ट्रॉलीची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपमागे एक लहान ट्रेलर असे, पाव टनाची. पाव टन म्हणजे त्यांच्या मापाने पाचशे पौंड, आपले सव्वादोनशे किलो. पेटी अशी घडविलेली की पाणी आत शिरू नये आणि नदी ओलांडताना ती तरंगावी. आम्हांला त्या तरंगण्यापेक्षा तिच्या वजनाच्या हिशेबाचे कौतुक वाटते. पाचशे पौंड हा आकडा रानातल्या आडवाटेसाठी ठरविलेला होता. पक्क्या रस्त्यावर त्याहून जास्त भरायला मुभा होती. म्हणजे वाट बदलली की गाडीची ताकद बदलते हे त्यांनी आधीच कबूल केले होते. आपल्याकडे ट्रॉलीच्या पाटीवर जो आकडा असतो तो डांबरी रस्त्यावरचा समजावा, आणि पांदणीने जायचे असेल तर त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबावे. पावसाळ्यात पांदण, पुढे नाला, नाल्यावर रपटा, रपट्यावर घोटाभर पाणी आणि पलीकडे मुरुमाचा चढ. ही आपली वाट. भामरागडकडे गेलेल्यांना ती वेगळी सांगायला नको.

गडचिरोलीच्या गावांत ट्रॉलीला आणखी एक काम पडते, बांबूचे. मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हाताने देण्याचा अधिकार मिळाला, आणि नंतर पुष्कळ ग्रामसभा त्या मार्गाने गेल्या. हक्क मिळाला ही मोठीच गोष्ट झाली. पण वीस फुटी बांबू सहा फुटी ट्रॉलीत कसे घालायचे हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते! मागे चौदा फूट शेपूट सोडले की बंडी पुन्हा उलाळ. यासाठी दांड्याच्या वर, पेटीच्या पुढे, लोखंडी नळ्यांची एक घोडी उभारून घ्यावी; बांबू तिच्यावरून पुढे काढून ओझे आसाच्या दोन्ही अंगांना वाटावे. वळताना बांबूची टोके ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या पाठीला लागणार नाहीत एवढी उंची त्या घोडीला हवी. वेल्डिंगवाला ती एका दिवसात करून देतो.

इतके सगळे आमचे सभासद निमूटपणे ऐकून घेतात. वाद सुरू होतो तो ब्रेकवर. "भाऊ, एवढीशी ट्रॉली, तिले बिरेक कायले पायजे जी?" हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही उत्तर देऊ. भरलेली ट्रॉली चौदाशे किलोची, ट्रॅक्टर आठ-नऊशे किलोचा. चढावर ट्रॅक्टर मालक असतो. उतारावर ट्रॉली मालकीण होते. दहा फुटांत एक फूट असा साधा उतार असला तरी ती ट्रॅक्टरला एकशे चाळीस किलोच्या जोराने मागून ढकलीत असते. त्यात मुरूम ओला असेल आणि घाबरून ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही, आणि दोघांची कात्री होते. तेव्हा ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवाच. दांडा मागे दाबला गेला की आपोआप लागणारा मिळाला तर उत्तम. तो नसेल तर निदान उभी करताना ओढायचा हातब्रेक तरी. त्याचा खर्च रंगापेक्षा आणि समोरच्या नक्षीच्या पत्र्यापेक्षा फार जास्त होत नाही. नक्षीवर मात्र कोणी घासाघीस केलेली आम्ही पाहिली नाही.

चालविणाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. बांधीत वळायला ते सोयीचे पडते. रस्त्यावर येताना दोन्ही पॅडल एकत्र जोडणारी कडी लावलीच पाहिजे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी गर्रकन फिरते. आणि डिझेल वाचविण्याकरिता उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. वाचलेल्या डिझेलच्या पैशांत मलमपट्टीसुद्धा होत नाही.

हुकाची गोष्टही येथेच सांगून टाकतो. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या आसाहून खाली असलेल्या हुकालाच जोडावी. कोठे रुतली म्हणून साखळी वरच्या बाजूला बांधून ओढाल तर ट्रॅक्टर पुढचे पाय उचललेल्या घोड्यासारखा मागे उलटतो, आणि चालविणारा त्याच्याखाली सापडतो. हुकातली पिन पक्की, कारखान्याची, खालून क्लिप लावलेली असावी. आमच्याकडे पिन हरवली की सब्बलीचा तुकडा नाहीतर जुना बोल्ट घालण्याची रीत आहे. या रीतीने काय होते ते पुढे सांगतो. पिनेशिवाय एक जाड साखळी दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सैलसर बांधलेली असावी. पिन निघालीच तर साखळी धरते.

बाकीचा साज थोडक्यात सांगतो. तळाचा पत्रा जाड घ्यावा आणि त्याला कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोके असावीत. शेणखत आणि पाऊस मिळून पातळ पत्रा दोन पावसाळ्यांत खातात. मागचा फाळका काढता येईल असा असावा. बाजूंना बाहेरून दोरी बांधायच्या कड्या, प्रत्येक बाजूला निदान तीन. लाकडाचे दोन गुटके चाकाखाली लावायला, आणि ते ट्रॉलीलाच साखळीने बांधलेले, कारण सुटा गुटका सरपणात जातो. दांड्याखाली उभा टेकू, म्हणजे रिकामी ट्रॉली जोडताना कोणाच्या पायाच्या बोटांवर दांडा पडत नाही. बेअरिंगमध्ये वंगण दर पावसाळ्याआधी आणि नंतर. पाण्याची टाकी नेत असाल तर ती पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी टाकी वळणावर सगळे पाणी एका अंगाला फेकते. आणि मागे लाल परावर्तक आणि दिवा. कोळशाचे ट्रक आपल्या रस्त्यावर जुनेच आहेत. आता आलापल्लीच्या बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही धावतात. अंधारात वीस रुपयांचा लाल तुकडा नसलेली ट्रॉली त्यांच्या चालकाला दिसते तेव्हा ब्रेक दाबण्याइतके अंतर उरलेले नसते. त्या चालकांतही आमचे सभासद आहेत. त्यांची बाजूही आम्ही ऐकली आहे.

कागदपत्रांचे एका वाक्यात सांगतो : ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ट्रॅक्टरच्या एमएच ३४ वर किंवा एमएच ३३ वर ती आपोआप चढत नाही, आणि विम्याचा कागद घरातल्या कोणीतरी एकदा शेवटपर्यंत वाचलेला असावा.

हा विमा का वाचावा, ते आता सांगतो. इतका वेळ आम्ही लोखंडाबद्दल बोललो ते खरे म्हणजे येथवर येण्याकरिता.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणी आटोपून बारा बाया एका ट्रॉलीतून गावाकडे परतत होत्या. नाल्यावरच्या चढाला हुकातली पिन निघाली. पिन नव्हतीच ती, सब्बलीचा तुकडा होता. ट्रॉली मागे घरंगळली आणि रपट्याच्या कडेवरून पालथी झाली. एक बाई जागीच गेली, दोघींचे पाय मोडले. ट्रॉलीचा मालक कोणी सावकार नव्हता; तीन एकरांचा शेतकरी, पूर्वी आमच्याच युनियनचा सभासद. विमा होता, हप्ता भरलेला होता. कंपनीने कळविले की विमा शेतमाल वाहणाऱ्या ट्रॉलीचा आहे, तीत बसलेल्या माणसांचा नव्हे. आम्ही चिडलो, मोर्चाची भाषा केली, वकिलाकडे गेलो. वकिलाने शांतपणे एक निकाल पुढे ठेवला. माती भरलेल्या ट्रॉलीवर बसून जाताना पडलेल्या एका मजुराचे प्रकरण २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. कायद्याने विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही असेच न्यायालयाने ठरविले. मात्र मजुराची गरिबी पाहून स्वतःच्या खास अधिकारात कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. म्हणजे फिरून फिरून पैसे मालकाच्याच घरातून यावयाचे. आमच्या प्रकरणातही तसेच झाले. चार वर्षे तारखा पडल्या. शेवटी त्या शेतकऱ्याने एक एकर विकले आणि ते पैसे तीन घरांत वाटले गेले. गेलेल्या बाईची मुलगी तेव्हा नववीत होती. ती पुढे शाळेत गेली नाही. विकलेल्या एकराने त्या शेतकऱ्याचे उरलेले दोन एकरही परवडेनासे झाले. दोन घरे बसली, आणि दोन्ही घरे आमची.

त्या प्रकरणाच्या मधल्या काळात एका संध्याकाळी आम्ही युनियनचे जुने फोटो चाळीत होतो. जिल्हा कचेरीवरच्या एका मोर्चाचा फोटो हाती आला. आम्ही मोठ्या अभिमानाने तो भिंतीवर लावलेला होता. फोटोत अठरा ट्रॉल्या आहेत, आणि प्रत्येक ट्रॉलीत चाळीस-चाळीस माणसे उभी आहेत, फाळक्यांवर पोरे बसलेली आहेत, आणि सर्वांत पुढच्या ट्रॉलीच्या दांड्यावर एक पाय ठेवून आम्ही स्वतः घोषणा देत आहोत. कामगारांच्या सुरक्षिततेच्या मागणीचाच तो मोर्चा होता. आम्ही तो फोटो उतरविला. काहींनी विचारले, उतरविता कशाला, इतिहास आहे. आम्ही म्हटले, इतिहास आहे म्हणूनच तो भिंतीवर शोभत नाही.

मग आमच्या कार्यकारिणीत ठराव आला, की युनियनचा कोणताही सभासद ट्रॉलीत माणूस बसविणार नाही आणि बसणार नाही. आम्हांला वाटले, एकमताने होईल. पण सिंदेवाहीकडच्या एका बाईने उभे राहून विचारले, "भाऊ, सहा वाजता रोवणी सुटते. दोन कोस जंगल. मांगल्या वर्षी आमच्या गावची बाई वाघानं नेली. मी ट्रालीत नाही बसू, तं कशानं येऊ जी?" सभा गप्प झाली. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत हा प्रश्न आहे हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. शहरात बसून ट्रॉलीत बसू नका म्हणणे सोपे. तिला दोन मरणांतून एक निवडायचे होते, आणि तिने दूरचे निवडले होते. तिचे चुकले असे म्हणण्याची आमची छाती नाही.

तेव्हा ठराव त्या दिवशी झाला नाही. तीन बैठका झाल्या. अडचणीचे मूळ आम्हांला गुत्त्यात सापडले. रोवणी एकराच्या गुत्त्याने घेतात. जितके उरकेल तितके पैसे. म्हणून चार वाजता थांबायला बायाच तयार नसतात आणि अंधार पडेपर्यंत काम चालते. यायचे-जायचे कसे, हा विषय गुत्ता ठरविताना कोणी काढीतच नाही, म्हणून त्याचे ओझे शेवटी फुकटच्या ट्रॉलीवर पडते. मग आम्ही गावोगाव एवढेच बोललो, की गुत्ता ठरवितानाच येण्याजाण्याचे भाडे वेगळे ठरवा. एक काळीपिवळी किंवा दोन ऑटो, सकाळची एक खेप, संध्याकाळची एक. मालकाने अर्धे द्यावे, अर्धे गटाने. आणि गाडी यायची वेळ पाच, म्हणजे कामही पाचलाच संपते. काही गावांत हे जमले. काही गावांत पांदणीतून काळीपिवळी जातच नाही. तेथे बाया आता एकत्र चालत येतात, पुढे-मागे दोन गडी हातात दिवे घेऊन, आणि ट्रॉली माल घेऊन त्यांच्या चालीने मागून येते. काही गावांत अजून काहीच झालेले नाही, आणि तेथे या पावसाळ्यात पुन्हा बाया ट्रॉलीत बसतील हे आम्हांला माहीत आहे. रोवणीला अजून दोन महिने आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या बांध्या त्या भागात आहेत त्यांनी गुत्त्याची बोलणी होण्याआधी आमच्या कचेरीत एकदा यावे, ही आमची विनंती आहे. भाड्याचा हिशेब करून ठेवलेला आहे. एकरामागे किती पडते ते पाहिल्यावर आपल्याला वाटते तितके ते जड नाही.

ट्रॉली विकत घेतानाच याचा निर्णय करता येतो, म्हणून हा विषय आम्ही निवडीच्या व्याख्यानात आणला. आमच्या एका सभासदाने पेटीच्या वर, काठापासून वीतभर उंचीवर, नळ्यांची जाळी बसवून घेतली आहे. ती माल दाबून धरते, ताडपत्री तिच्यावर ताणून बसते, कट्टे घसरत नाहीत, आणि तिच्यावर माणसाला धड बसता येत नाही, धड उभे राहता येत नाही. बिजागरीवर आहे, माल भरताना उघडते. वेल्डिंगवाल्याने विचारले होते, हे कशासाठी? त्याने सांगितले, माकडांसाठी. माकडांसाठी म्हटले की कोणी वाद घालीत नाही.

ती ट्रॉली आज मागच्या पटांगणात आणून उभी केली आहे. चिटणिसांची परवानगी घेतली आहे. दिवा लावलेला आहे आणि गजाची टेप दांड्यावर ठेवली आहे. आस कोठे आहे ते मोजून पाहा, पांढरी रेघ पाहा, पिनेची क्लिप उघडून पाहा. तिचा मालकही तेथेच उभा आहे. कमी बोलतो, पण विचारले तर किती खर्च आला ते रुपया-पैशांत सांगेल.